किलार्नीला जाण्याची माझी तयारी

४ जानेवारी २००५, मंगळवार. सकाळी.
ज्ञानेशचं पाकीट आलं. पोरगा दोन वर्षं झाली आयर्लंडला, कॉर्क गावी, कॉम्प्युटरच्या नोकरीत. आत नातवाचे, स्वराजचे, चार फोटो आणि एक रंगीत पुस्तक. किलार्नी नॅशनल पार्कमध्ये करण्यासारख्या गोष्टी. इंग्रजी आहे, पण डिक्शनरी घेऊन बसलं की सुटतं. सातवी शिकलो, पुढचं सगळं माझं मी. फोटो ज्ञानेशच्या आईने, मालनने घेतले, पुस्तक मी. ज्याला जे कळतं ते.

पुस्तक उगाच नाही आलेलं. परवा रविवारी फोनवर म्हणाला, बाबा, मे महिन्यात या की दोघं. इथून गाडीने दीड तासावर ते पार्क आहे, स्वराजला घेऊन सगळे जाऊ. मी म्हटलं, बघू, बागेत गुलाबाची कामं आहेत.

पहिल्या बोलावण्याला असंच म्हणायचं असतं. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की आपण पानावर हात आडवा धरतो. तो घ्या हो म्हणतो, आपण नको म्हणतो, तिसऱ्यांदा तो बोटांच्या फटीतून सोडतो. खायची असते म्हणून तर हात आडवा. ज्ञानेश इथेच, नाशिकच्या मखमलाबादेत वाढलाय, त्याला हे शिकवायला नको.

मालनला बोललो नाही. तिला सांगितलं की आजच बॅग काढेल. नक्की झालं की सांगू. दोघांचे पासपोर्ट मागच्याच वर्षी काढून ठेवलेत. याला म्हणतात दूरदृष्टी.

७ जानेवारी.
ठराव. रोज पुस्तकाची दोन पानं. रोज पाच किलोमीटर चालणं. पार्कात टॉर्क नावाचा धबधबा आहे, त्याला पायऱ्या चढाव्या लागतात. मेन रोडला जाऊन स्पोर्ट शूज घेतले, पांढरे. मालन म्हणाली, या वयात कुठं पळायचंय. मी फक्त हसलो.

१२ जानेवारी.
सहादू आमची फुलं टेम्पोने बाजारात नेतो. फुलं उतरवून झाल्यावर त्याच्याबरोबर रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला गेलो. चढायची सवय म्हणून. वर गेलो नाही. फोटोत मोजलं तर धबधब्याच्या पायऱ्या बऱ्याच कमी आहेत. गरजेपेक्षा जास्त तयारी म्हणजे पण नासाडी. सहादूने विचारलं, काका, मग आलो कशाला. त्याला दृष्टी नाही.

बूट करंगळीला चावतो. बूट वाईट आहे.

१६ जानेवारी, रविवार.
ज्ञानेशचा फोन. थंडी फार आहे म्हणाला. बोलावण्याचा विषय नाही. लगेच लगेच विचारणं पण बरं दिसत नाही, हे त्याला कळतं.

पुस्तक पान अकरा. घोडागाडीतून फिरा. यात काय. नाशिकच्या टांग्यात निम्मं आयुष्य गेलं. हे शेवटी ठेवू, वेळ उरला तर. जुन्या किल्ल्यापासून नावेतून तळ्यात जा. हे पहिल्या दिवशी, सकाळी, वारा पडलेला असताना. मला पोहता येत नाही, पण पोहावं लागलं तर ती नाववाल्याची चूक.

२३ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.
दुसरं बोलावणं आलं. ज्ञानेश म्हणाला, पासपोर्टच्या झेरॉक्स कुरियरने पाठवा. मी म्हटलं, घाई काय, आधी खंडेरावांना विचार. खंडेराव म्हणजे सूनबाई शुभांगीचे वडील. देवळाली कॅम्पात असतात, तोफखान्यातून रिटायर.

ही माझी चाल. खंडेराव मला अण्णा म्हणतात. ते म्हणतील, छे, आधी अण्णांना न्या, तो त्यांचा मान. मग ज्ञानेश फिरून माझ्याकडे येईल. तेच तिसरं. म्हणजे आणखी आठवड्यात काम झालं.

३० जानेवारी.
खंडेराव हो म्हणाले.

स्कूटरवर पेढे घेऊन स्वतः आले, बरोबर विहीणबाई, सिंधुबाई. म्हणाले, अण्णा, जावईबापूंनी विचारलं आणि मी म्हटलं यस सर. चाळीस वर्षांची सवय, कुठं जा म्हटलं की होल्डॉल बांधायचा. आणि स्वतःच हसले. एकदाही हात आडवा नाही. सरळ ताट पुढे. तोफेच्या आवाजाने माणसाची रीतभात पण जाते की काय.

मी अभिनंदन म्हटलं. पेढा खाल्ला, अर्धाच.

ते गेल्यावर मालन म्हणाली, मग आपलं काय हो. मी म्हटलं, घर लहान आहे त्याचं, पाळीपाळीने बोलावणार. ती म्हणाली, बरं. उरलेला अर्धा पेढा तिने खाल्ला.

१४ फेब्रुवारी.
व्हॅलेंटाईन. चार दिवस गुलाबाच्या जुड्या बांधून बोटं सुजली. काल रविवार, ज्ञानेशचा फोन, मी कामात. मालन बोलली. मी दारातूनच ओरडलो, सांग त्याला, बाबांना मान वर करायला फुरसत नाही. यात वजन राहतं.

२० फेब्रुवारी.
पान सव्वीस. धक्काच बसला. पार्कात ऱ्होडोडेंड्रॉन म्हणून झाड आहे, जांभळ्या फुलांचं, डोंगर भरून. आणि ते लोक स्वयंसेवक लावून ते उपटून टाकतात, दुसऱ्या झाडांना वाढू देत नाही म्हणून. तुम्ही पण या, उपटायला मदत करा, असं छापलंय. फुलझाड उपटायला पाहुण्यांना बोलावतात. मी तिथे गेलो की आधी ऑफिसात जाऊन भेटणार. त्यांना म्हणावं, आमच्या फुलबाजारात एक टेम्पो पाठवा, संध्याकाळपर्यंत माळा होऊन संपतील. भाषण इंग्रजीत तयार करतोय. सर, आय ॲम ए फ्लॉवर मॅन, इथपर्यंत झालंय.

चालणं तात्पुरतं बंद. करंगळी.

६ मार्च, रविवार.
आज तिसरं.

ज्ञानेश म्हणाला, बाबा, खंडेरावांचं तिकीट काढतोय, तुमचं दोघांचंही सोबत काढतो, नक्की सांगा, आजच सांगा. मागून शुभांगीचा आवाज, बाबा या ना, आईंना घेऊन या. लहानगा पण काहीतरी ओरडत होता.

तोंडात हो आलं होतं. पण त्याच्या बोलण्यात घाई होती. वाढप्याने पुढच्या पानाकडे बघत आपल्याला विचारावं तशी. मी म्हटलं, तुला जड होईल रे, राहू दे. तो म्हणाला, बरं बाबा, तुमची इच्छा. आईला द्या.

मालनने फोन घेतला. जेवलास का, दात आले का बाळाला, एवढंच. ठेवला.

लाइनला खरखर होती. माझा सूर त्याला पोचला नसणार. पुढच्या रविवारी परत विचारेल. मोठ्या घरांत चौथ्यांदा पण विचारतात.

१३ मार्च.
हवामान, नोकरी, स्वराजचा ताप. बाकी काही नाही.

२० मार्च.
फोन दोन मिनिटं. घाईत होता.

२७ मार्च.
फोन नाही. लाइन बिघडली असेल म्हणून रिसीव्हर उचलून बघितला. चालू आहे. मी रिसीव्हर उचलला तेवढ्यातच त्याने लावला असेल आणि एंगेज लागला असेल. दिवसभरात आठ-दहा वेळा उचलून बघितला.

९ एप्रिल, गुढीपाडवा.
मालनने नातवासाठी गोधडी पुरी केली. तिच्या तीन जुन्या लुगड्यांची, दोन महिने टाके घालत होती. खंडेरावांबरोबर पाठवायची. घडी घालताना म्हणाली, आपला ज्ञानेश आपल्याला बोलवत कसा नाही हो, काही चुकलं का आपलं.

मी म्हटलं, पोरांना आजकाल सासरच जवळचं.

कसं कोण जाणे, निघून गेलं तोंडातून. ती गुढीची साखरेची माळ हातात घेऊन नुसती उभी राहिली. उद्या तिला समजावून सांगू. उद्या फुलांचा दिवस आहे. परवा.

२ मे.
खंडेराव-सिंधुबाई गेले. आदल्या दिवशी देवळालीला जाऊन मी त्यांना पार्क समजावून सांगितलं. आधी किल्ला आणि नाव, मग मोठा वाडा आणि त्याची बाग, मग धबधबा, हरणं संध्याकाळीच. जुन्या मठाच्या अंगणात यू नावाचं शेकडो वर्षांचं झाड आहे, त्याला हात लावून या. खंडेराव हूं हूं करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, अण्णा, तिथे तळ्याजवळ संडासची सोय आहे का, तेवढं सांगा.

अशा माणसाला पार्क.

२२ मे, रविवार. दुपारी.
आज सगळे पार्कात. सकाळी त्यांच्याकडून फोन आला होता, मालन बोलली, नातवाने हॅलो म्हटलं म्हणे. सात महिन्यांचं पोर हॅलो म्हणत नसतं. मी पुस्तक घेऊन गुलाबाच्या वाफ्यात बसलो. घड्याळ बघून त्यांची वेळ काढली. आता नावेत असतील. आता वाड्याची बाग. इतकं अचूक तिथे जाऊनही कुणाला कळत नसेल. ऊन लागलं, डोकं धरलं.

१९ जून.
खंडेराव आले परत, म्हणून देवळालीला गेलो दोघं. फोटोंचा अल्बम. पार्कच्या दिवशी पाऊस पडत होता. खंडेराव नावेत बसले नाहीत, वाडा बाहेरूनच बघितला, धबधब्यापाशी छत्रीत उभं राहून पुरी-भाजी खाल्ली, बाकी वेळ नातवाला मांडीवर घेऊन गाडीत. म्हणाले, अण्णा, पोरगं छातीवर झोपलं तर हलायचं कसं. प्रत्येक फोटोत पोर आणि मागे धो धो पाऊस. यू झाडाचा एकही नाही.

मी त्यांना त्यांचं काय काय राहिलं ते सांगत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरात सिंधुबाईंनी मालनला विचारलं, ताई, राग नका मानू, पण तुम्हाला नातवाचं तोंड बघावंसं वाटत नाही का. जावयाने तीनदा बोलावलं, तुम्ही तीनदा नाही म्हटलं. शुभांगी रडली की हो.

बसमध्ये मालन खिडकीकडे तोंड करून बसली. बिटको चौकात बस बराच वेळ थांबली, तरी तोंड तिकडेच. घरी आल्यावर चप्पल न काढता म्हणाली, तीनदा?

मी तिला शांतपणे आग्रहाची रीत समजावली. पंगत, हात, जिलबी. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, मला काय जिलबी खायची होती का. मला माझं पोरगं बघायचं होतं. नको म्हणायचं तर तुमच्यापुरतं म्हणायचं, माझं पान कशाला झाकलं. आणि त्याला सासर जवळचं झालं म्हणालात, ते का?

मी बागेचं पाणी बंद केलं का ते बघायला गेलो.

२६ जून, रविवार.
फोन वाजला. मी उठेपर्यंत मालनने उचलला. पीठ लागलेल्या हाताने. ज्ञानेश काय म्हणाला माहीत नाही, ही म्हणाली, मला बोलव, मी येते. बस. ना बघू, ना कामं आहेत. शोभतं का. मग बराच वेळ ही म्हणत होती, असू दे, असू दे, रडू नको.

रिसीव्हरला कणीक लागली, ती मी पुसली.

७ ऑगस्ट.
मालनच्या व्हिसाचे कागद आले. शेजारच्या नवसाबाई वाटेत अडवून म्हणाल्या, भाऊ, तुम्ही पण निघालात ना. मी म्हटलं, माझं नक्की होतंय. नवीन ठराव, करंगळीला पट्टी लावून चालणं सुरू. इंग्रजी भाषण पण पुरं करायचं. मालन एकटी तिकडे काय बघणार, तिला घोडागाडी आणि धबधब्यात फरक सांगायला कुणी नको का.

१४ ऑगस्ट.
मालन कपाटातून पासपोर्ट काढत होती. दोन्ही एकाच पाकिटात आहेत. माझा हातात धरून म्हणाली, तुमचं पण तिकीट काढायला सांगू का ज्ञानेशला.

मी म्हटलं, बघू.

तिने माझा पासपोर्ट पाकिटात ठेवला, पाकीट कपाटात ठेवलं, कपाट लावलं. मी तिथेच उभा होतो. ती पापड वाळत घालायला गच्चीवर गेली.

संध्याकाळी विचारेल.

२८ ऑगस्ट.
अजून विचारलं नाही. बॅगेत पापड, मेतकूट, शुभांगीसाठी साडी. मी म्हटलं, दोघांच्या मानाने बॅग लहान आहे. ती म्हणाली, एकीला पुरते.

२० सप्टेंबर, मंगळवार.
गेली. नाशिक रोडची प्रतिभा म्हणून मुलगी तिकडेच शिकते, तिच्या सोबतीने. मुंबईला विमानतळावर सोडायला सहादू आणि मी. आत जाण्याआधी ती परत फिरून माझ्याजवळ आली. मी तयार होतो. म्हणाली, दुधावर झाकण ठेवत जा, बोका येतो. आणि गेली. पायात माझे पांढरे बूट. तिला बरोबर बसलेत.

परतीला सहादूने विचारलं, काका, तुम्ही कधी जाणार. मी झोपल्यासारखं केलं.

२५ सप्टेंबर, रविवार.
फोन आला. मालन दूर कुठेतरी हसत होती. काल पार्कात जाऊन आली म्हणे सगळी. नावेत बसली. यू झाडाला हात लावला. कुणी सांगितलं नव्हतं, झाड मोठं दिसलं म्हणून लावला.

ज्ञानेश तब्येतीचं बोलला, जेवणाचं बोलला. मी थांबलो. तोही थांबला. मग मीच म्हटलं, इकडे बागेत फार काम आहे रे, दसऱ्याचा हंगाम.

तो म्हणाला, हो बाबा, माहीत आहे.