नाल्याच्या अलीकडे

डिंडोली, सुरत
चैत्र संपत आला

प्रिय गायू,

फोनवर बोलायला बसलं की दोन वाक्यांत मला रडू येतं. मग तू म्हणतेस, आई, नंतर करते, आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून आज कागद घेतलाय. चहा झाकून ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

आधी घरची खबर सांगते. तुझ्या आप्पांनी पिकअप उंच करून घेतली. पावसाळ्यात इथल्या पर्वत पाटिया भागात खाडीचं पाणी चढलं, गाडीतली खालच्या थरातली साड्यांची पार्सलं भिजली, हे निमित्त झालं. आठवड्याच्या आत गाडी हिलालभाऊंच्या गॅरेजात. त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसवले, पुढूनही उचलली आणि गाडी चांगली चार बोटं वर गेली. शेजारच्या सरस्वतीने विचारलं, भाऊंनी नवी घेतली का? त्या दिवशी आप्पांची चाल बघायला हवी होतीस. नवरदेवसुद्धा असा चालत नाही.

हिलालभाऊंनी आधीच बजावलं होतं. शॉकअपला खालीवर व्हायला जागा लागते. गाडी उंच केली की तो बिचारा मुळातच ताणून उभा राहतो. मग खड्ड्यात चाक खाली गेलं की त्याच्याजवळ द्यायला काही उरत नाही आणि सगळा दणका माणसाच्या कमरेत. पण आप्पांनी कधी कुणाचं ऐकलंय? आता रिकामी गाडी उधळते, भरलेली वळणावर डोलते, पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले, आणि दिव्यांचा उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो म्हणून रोज कुणीतरी काच खाली करून चार शब्द ऐकवतो. संध्याकाळी मी कमरेला तेल चोळते आणि म्हणते, काढून टाका ते ठोकळे. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतात.

याच गाडीतून ते तुला कॉलेजला सोडायचे. तुला लाज वाटायची म्हणून एक चौक अलीकडे उतरायचीस, आणि ते मुकाट्याने तिथेच थांबवायचे. तुझ्या लग्नाला त्यांनी दोन दिवस ती धुतली, पुसली, झेंडूच्या माळा लावल्या. सीटवर नवी गादी शिवून घेतली, हे तुला ठाऊक नसेल. लेकीची पाठवणी आपल्याच गाडीतून करायची, एवढीच हौस होती. आणि जावईबापू ललितरावांच्या काकांनी चार माणसांदेखत सांगितलं की ही भाड्याची गाडी दारात बरी दिसत नाही, मागे लावा. आप्पांनी ती मागे नेली. तू त्यांच्या मोटारीत खाली मान घालून बसलीस. तुझी चूक नव्हती गं. भर मांडवात नवरीने काय बोलायचं? हे त्यांनाही कळतं. पण त्या दिवशी ते बोलून गेले, बोलावणं आल्याशिवाय त्या गावच्या शिवेत माझं चाक जाणार नाही.

आणि तू त्यांचीच लेक. म्हणतेस, आखाजीच्या सणाला मुराळी म्हणून आप्पा स्वतः न्यायला आले तरच माहेरी येईन, नाहीतर नाही. दोन आखाज्या अशाच गेल्या. गल्लीतल्या सगळ्या मुली येतात, झोके बांधतात, रात्रभर गाणी म्हणतात. मी सांजोऱ्या करते आणि वाटून टाकते. गेल्या वर्षी तर मी दार लावून आतच बसले. फार आठवण येते तुझी, गायू. असं लिहून काही हलकं वाटत नाही, तरी लिहिते.

गेल्या महिन्यात हिलालभाऊ रस्त्यात भेटले. मी त्यांना चांगलं सुनावलं की तुम्ही गाडीचं वाटोळं केलंत. ते हसले. म्हणाले, वहिनी, आप्पाशेठने मला खाडीचं विचारलंच नव्हतं. नवापूरच्या पुढे एका नाल्यावर फरशीचा बुटका पूल आहे, पावसात त्याच्यावरून गुडघाभर पाणी जातं, त्यातून गाडी निघेल का, एवढंच विचारत होते. गायू, तो नाला म्हणजे तुझ्या सासरच्या गावची शीव. तिथे भाडं घेऊन जाणारा सुरतेत कोण आहे?

मागच्या रविवारी आप्पा म्हणाले, नवापूरला एक पार्सल टाकायचंय, येतेस? मी लगेच निघाले. बारडोलीला त्यांनी अळूच्या पातऱ्याचे दोन पुडे घेतले. एक आमच्यासाठी, दुसरा कुणासाठी ते मी विचारलं नाही. पार्सलबिर्सल काही नव्हतं, मागे नुसती ताडपत्री होती. नवापूर मागे पडलं, गाडी नाल्याशी आली आणि फरशीच्या अलीकडे थांबली. तुमच्या घराची निळी पाण्याची टाकी तिथून दिसते. आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून किती वेळ तिकडे बघत होते. मग म्हणाले, “पानी गंज शे. चाल, मांगे फिरूत.”

गायू, चैत्राचा महिना, कसलं आलंय फार पाणी? नाल्यात थेंब नव्हता. मधोमध शेळ्या बसल्या होत्या. त्यांनी गाडी वळवली. दुसरा पुडा तसाच घरी परत आला.

हे पत्र त्यासाठीच लिहिलंय. शेळ्या राखणाऱ्या म्हातारीने त्यांना रामराम केला होता, म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. आखाजीच्या आदल्या रविवारी त्यांचं पुन्हा नवापूरला पार्सल आहे म्हणे. मी येणार नाही, डोकं दुखतंय असं सांगेन. तू सकाळी दहाला फरशी ओलांडून अलीकडे येऊन उभी राहा. पिशवी भरून आण. त्यांना शीव ओलांडावी लागणार नाही, आणि तुझा मुराळीही स्वतः आलेला असेल. त्यांना काही विचारू नकोस, रडू नकोस, सरळ दार उघड. गाडी आता इतकी उंच झालीय की तुला एकटीला चढता येणार नाही. त्यांना हात द्यावाच लागेल.

तुझीच,
आई