काठ करपलेल्या काचऱ्या

रामदासपेठ, नागपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय दीपमाला वहिनी,

सप्रेम नमस्कार.

"या घरात मले-तुले चालणार नाही." तू लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात बाबा भरल्या ताटावर, तुझ्या बोलीवरून, तुला हे म्हणाले होते. तू फक्त "मले भूक नाही" म्हणून ताटावरून उठली होतीस. पुढे तुम्ही अमरावतीला गेलात. दादा एकटाच येतो-जातो.

आम्ही बरे आहोत. थंडी मरणाची आहे. माझ्या भैरवीची बारावीची परीक्षा जवळ आली आहे. सध्या आम्ही दोघी बाबांकडेच राहतो.

काल तुझ्या पद्धतीनं आलूच्या काचऱ्या केल्या. पातळ गोल काप पाण्यातून काढले, फडक्यात कोरडे केले, लोखंडी तव्यावर एकेक पसरले. "आलूले छेडू नका जी, तो सोताच सुटते," असं तू म्हणायचीस. माझा हात कुठला राहतो? मी सराट्यानं उलटत बसते आणि शेवटी लगदा होतो. काल मात्र हात मागे धरून उभी राहिले. तेलाचा आवाज बदलला आणि एक काप खरंच आपणहून सरकला. उलटला तर खाली तांबूस पापडी, काठ जरासे करपलेले. मीठ शेवटी घातलं.

बाबांनाही दिल्या. दादानं सांगितलं असेलच, दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता गिळता येतं, पण तेव्हापासून एक शब्द नव्हता.

त्यांनी एक काचरी सावकाश कुरुमकुरुम खाल्ली. ताटात बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माय, मले काठाची दे वं."

वहिनी, मी करपल्या काठाची एक त्यांच्या ताटात ठेवली. आम्हाला 'मला' घोकायला लावणारा हा माणूस. त्यांची आई माझ्या जन्माआधीच गेली. काटोलकडच्या त्यांच्या जुन्या घरात ती चुलीशी बसलेली मला काल दिसली. एवढ्या व्याकरणाखाली बाबांमधलं ते पोर इतकी वर्षं कुठं बसून होतं? शाळेत त्यालाही कुणी बोलीवरून असंच उठवलं असेल का?

मग हसत म्हणाले, "थे कुठी गेली वं? आपल्यावानी बोलते थे."

"कोण, बाबा?"

"थे, आलूवाली."

आता ते बोलतात, पण फक्त त्याच बोलीत. मी ओढूनताणून "तुमाले काय पायजे?" म्हटलं, तर भैरवीला म्हणाले, "हे पोट्टी इंग्रजी बोलून राह्यली काय?" भैरवी हसून हसून रडली. मी नुसतीच रडले.

त्यांनी तुझी माफी मागितलेली नाही. आता मागताही येणार नाही, कारण आपण काय बोललो होतो हेच त्यांना आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

एक दिवस येशील? माफ करायला नाही. जेवूही नकोस. फक्त त्यांच्याजवळ बसून बोल. त्यांना त्यांच्या बोलीत उत्तर देणारं या घरात कुणी नाही. तू नाही म्हणशील, आणि त्यात तुझं काही चुकणार नाही. पण ते 'नाही' दादाकडून पाठवू नकोस, तूच सांग.

तुझ्या नकाराचीही वाट पाहणारी,
सुहासिनी