काढून टाकायची नावं

सोमवार, १ तारीख

नवं घर, नवी नोकरी, आणि टेबलासमोरच्या खिडकीतून चक्क एक झाड दिसतं! आजपासून मी लिनक्स या संगणक-प्रणालीसाठी पॅकेजं बांधणार. म्हणजे कुणीतरी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला प्रोग्राम नीट बांधायचा आणि सोबत दोन याद्या जोडायच्या: हा चालायला काय काय लागतं, आणि हा बसवताना आधीचं काय काढून टाकायचं. पहिलंच काम एका नव्या ड्रायव्हरचं. ग्राफिक्स कार्डाकडून चित्रांऐवजी गणितं करून घेतो. आधीच्या माणसाने तो अर्धवट सोडला. अशा पॅकेजला आमच्यात 'अनाथ' म्हणतात, आणि पुढे येणाऱ्याने ते 'दत्तक' घ्यायचं. बायको म्हणाली, आहे त्या लेकीची वेणी घालता येत नाही, आणि निघाले दत्तक घ्यायला!

बुधवार, ३

आमची चिमणी सहा वर्षांची. दिवसभर माझ्या खुर्चीच्या हातावर बसून असते आणि हलणारा पुढचा दात जिभेने ढकलत राहते. आज हट्टच धरला, माझं पण नाव यात घाल. मग 'चिमणी' नावाचं एक रिकामं पॅकेज केलं आणि ते नाव काढून टाकायच्या यादीत लिहिलं. बाकी सगळ्यांपासून तोडून ठेवलेल्या चाचणीच्या यंत्रावर ड्रायव्हर बसवला, की चिमणी भुर्र! पोट धरधरून हसली. यादी नीट चालते हेही कळलं.

शुक्रवार, ५

ड्रायव्हर पाठवला. सगळ्यांच्या यंत्रांवर पोचायला दोन दिवस लागतील. संध्याकाळी लक्षात आलं, ती चाचणीची ओळ यादीत तशीच राहिली. कपाळावर हात मारून घेतला. पण त्या नावाचं पॅकेज दुसऱ्या कुणाकडे आहेच कुठे? सोमवारी काढू.

रविवार, ७

दुपारी मी तीन ताटं घेतली. बायकोने विचारलं, कुणी येणार आहे का? मी हसलो. ती हसली नाही. चिमणीच्या खोलीत नुसती खोकी आहेत, एकही उघडलेलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही दोघंच तर आलात.

सोमवार, ८

शाळेत तिचं नाव नाही. फोटोंत आम्ही दोघं, मध्ये जागा सोडून उभे.

ड्रायव्हरच्या जुन्या प्रतीतली काढून टाकायच्या नावांची यादी उघडली. आधीच्या माणसाच्या हातची एक ओळ आहे: 'धाकटी'. त्याला फोन केला. बोलायला भला. म्हणाला, मी पहिल्यापासून एकटाच. ती ओळ कशाला लिहिली आठवत नाही. काम सोडलं, कारण ते उघडलं की उगाच रडू यायचं.

मंगळवार, ९

चिमणीची ओळ काढून नवी प्रत पाठवली. काही झालं नाही. काढलेलं परत आणायचं तर ते पॅकेज लागतं. चिमणीचं पॅकेज रिकामं आहे. मीच रिकामं केलं होतं.

आता भरायला बसलोय. हलणारा दात. खुर्चीचा हात. भुर्र. केस — वेणी होती, म्हणजे लांब असणार. आवाज —

बुधवार, १०

दात वरचा की खालचा? बायकोला विचारलं. ती घाबरली. तिने डॉक्टरांना —

वरचा. बहुतेक वरचा —

गुरुवार, ११

लेक होती. मला लेक होती. हे रोज वाचायचं — रोज —

शुक्रवार, १२

आज बरं वाटतंय, मागचं काही वाचत बसलो नाही. बायकोही खुशीत आहे. यंत्रावरचा पसारा आवरायला घेतला. 'चिमणी' नावाचं एक पॅकेज सापडलं, आत चार-पाच असंबद्ध शब्द. चाचणीचं असणार. पुसायला घेतलं तर यंत्राने विचारलं, नक्की? हो म्हटलं.

डोळ्यांना सारखं पाणी का येतंय कळत नाही. रुमाल पडला, तो उचलायला वाकलो तर खुर्चीच्या हाताच्या फटीत काहीतरी अडकलंय. पांढरं, एवढंसं. दात आहे. दुधाचा. वरचा —

चिम