दिसेनासा झाला तर जमला

सर, काल वाशीमच्या दुकानातून मी तयार हिरव्या रंगाच्या दोन ट्यूब आणल्या, एक सॅप ग्रीन आणि एक व्हिरिडियन. तुम्ही असता तर तिथंच, दुकानदारासमोर, माझी बिनपाण्यानं केली असती. नववीत मी लिंबाच्या झाडाला असाच व्हिरिडियन फासला होता, तेव्हा कागद वर धरून तुम्ही म्हणालात, "हे झाड हाय का दवाखान्याचा पडदा? तयार हिरवा कायले घेतला, पोरी?" आणि अख्खा वर्ग शाळेमागच्या शेतात नेलात. तिथं निळ्यात पिवळा, वर किंचितसा तांबडा, असा रंग कालवायचा आणि थेट पानावर टेकवायचा. "ठिपका दिसून राह्यला म्हंजे चुकला. दिसेनासा झाला तं जमला." माझा ठिपका दुपारपर्यंत दिसतच राहतो. शेवटी एकदाचा तो तुरीच्या पानात विरतो आणि तुम्ही नुसतं "हं" म्हणता. त्या "हं"ची सर पुढं कुठल्याच बक्षिसाला आली नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी रिसोडला चित्रकलाच शिकवते, तुमच्याच पद्धतीनं. गेल्या वर्षी मला क्षय झाला. छाती बरी झाली, पण त्या औषधांतली एक गोळी डोळ्यांना बाधली, रंग नीट ओळखू येईनात. असं क्वचित होतं, म्हणाले डॉक्टर. गोळी लगेच थांबवली. रंग हळूहळू परत येतील, किंवा येणारही नाहीत. परवा मुलींना शेतात नेलं आणि मोठ्या तोऱ्यात पानावर ठिपका दिला. पहिल्याच फटक्यात नाहीसा. मी खूश. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हा तं मातीवानी दिसून राह्यला." मी हसून म्हटलं, तुम्हाला ओळखता येतं का तेच पाहत होते. पोरींनी विश्वास ठेवला. सर, माझे सगळेच ठिपके आता पानात नाहीसे होतात, आणि मला फार भीती वाटते. ट्यूबवर निदान नाव तरी छापलेलं असतं.

डॉक्टरांनी रंगांच्या तपासणीला पुन्हा बोलावलं होतं. किती परत आलं ते त्यावरून कळेल, आणि नाही आलं तर तेही. घरी सांगितलंय, जाऊन आले, सुधारणा आहे. सगळे निवांत झाले. मी अजून गेलेलेच नाही.