रविवारचं जाफल

वॉलरू
गुरुवार, १८ जून १९९२

प्रिय नेरिडा,

कडीनाच्या त्या भाड्याच्या घरात तुला या जूनच्या हिवाळ्यात थंडी बाधत नसेल आणि दुकानातलं काम बरं चाललं असेल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. वारा आठवडाभर दक्षिणेकडून येतोय, धक्क्यावर मासे धरायला कुणी फिरकत नाही. कोंबड्यांनी अंडी द्यायचं जवळजवळ सोडलंय. शेजारची डॉट म्हणते, "आयव्ही, त्यांना जरा दम दे." मी म्हटलं, घरातली माणसं ऐकत नाहीत माझं, कोंबड्या काय ऐकणार!

लिंबं मिळाली. छातीला चोळायचं मलमही मिळालं. सोमवारी सकाळी दार उघडलं तर व्हरांड्यातल्या खुर्चीवर पिशवी. चिठ्ठी नव्हती, पण लिंबं पानांसकट तोडून देणारी माझ्या ओळखीत तू एकटीच. त्यांचा मुरंबा घालावा म्हणतेय.

सर्दी आता बरी आहे.

फोन बऱ्याचदा केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. लांबलचक पत्र मी शेवटचं माझा मर्व्हिन सैन्यात असताना त्याला लिहिलं होतं, आणि त्यातलीही निम्मी जागा हवामानाने खाल्ली होती. मर्व्हिन पुढे आयुष्यभर त्यावरून मला चिडवत असे. तेव्हा मी आत्ताही वाऱ्यापासून सुरुवात केली, याचं नवल वाटून घेऊ नकोस.

रविवारी कोंबडी छान झाली होती. नेहमीसारखी चर्चला जायच्या आधी ओव्हनमध्ये सरकवली, आल्यावर बटाटे टाकले. दुपारी जेवून उरली ती संध्याकाळच्या जाफलांना, पावात भरून भाजायला. पाठीकडचं काळसर मांस हाताने सोडवून घेतलं, सुरी लावली नाही. पाव कालचा. लोणी कापांच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कडेपर्यंत. लोखंडी साचा गॅसवर तापवला, लोण्याची बाजू खाली करून काप त्यात बसवला, मग चीज, मग कोंबडी, जरासा कांदा, मिरपूड, आणि वरून पुन्हा चीज. खाली-वर दोन्हीकडे चीज हवंच, नाहीतर कोंबडी सैरावैरा पळते, हे तुझंच म्हणणं. दुसरा काप ठेवला, दांडे दाबून साचा मिटला, बाहेर आलेल्या कडा सुरीने उडवल्या आणि उलटसुलट भाजलं. लोणी चुरचुरायला लागलं की घरात जो वास सुटतो तो बाहेर रस्त्यापर्यंत जातो. खिडकी मी उघडी ठेवली होती. आता वाटतं, ती तरी लावून घ्यायला हवी होती.

एका साच्यात एकच होतं, त्यामुळे वेळ लागला. तीन करायची होती ना.

घे, आलंच लेखणीतून. तशी ती गाडी तू पाहिली असणारच. डॅरिलची पांढरी गाडी सगळ्या वॉलरूला ओळखू येते, मग तुला नाही येणार? रविवारी संध्याकाळी लिंबांची पिशवी खुर्चीवर ठेवताना आतून आमचं बोलणंही तुला ऐकू आलं असेल. मी सोमवारी ती पिशवी उचलली आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझा घसा तेव्हापासून खरोखरच धरलाय.

सर्दी मला झालीच नव्हती, नेरिडा.

झालं ते असं. डॅरिलचा फोन आला शुक्रवारी. म्हणाला, "आई, रविवारी जिलियनला घेऊन येतो. जेवायलाही आणि संध्याकाळी जाफलांनाही."

मी म्हटलं, "ये की. नेरिडाही असेलच."

 मग म्हणाला, "तेच म्हणतोय. तिला आता रविवारी बोलवत जाऊ नकोस. जिलियनला अवघडल्यासारखं होतं. आणि खरं सांगू, मलाही होतं."

"अरे, पण ती दर रविवारी येते."

"म्हणूनच तर सांगतोय, आई."

मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण तो तुमचं घर सोडून गेल्यापासून, म्हणजे गेल्या हिवाळ्यापासून, एकदाही जेवायला आला नव्हता. माझा एकुलता एक मुलगा स्वतःहून येतो म्हणतोय, आणि मी अटी घालू? आपला तो बाब्या, दुसरं काय! "बरं" म्हणून फोन ठेवला. मग तुला फोन करून खोकून दाखवलं. तू लगेच म्हणालीस, "मी येऊन सूप करून देते," आणि मी म्हटलं, "नको, तुलाही होईल." ही खोकण्याची कला मला या वयात अवगत झाली. मर्व्हिन असता तर लाजेने मान खाली घातली असती त्याने.

आता जिलियनबद्दल. ती वाईट असती तर हे पत्र लिहायला फार सोपं गेलं असतं. पण तशी नाही ती. न सांगता उठली, हात धुतले, कोंबडीच्या पाठीचं मांस माझ्यापेक्षा स्वच्छ सोडवलं. बोलते कमी. मर्व्हिनच्या फोटोसमोर उभी राहून डॅरिलला म्हणाली, "कान तुझेच आहेत." मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

पहिलं जाफल तिच्या ताटलीत ठेवलं. आणि मग तो क्षण आला, ज्याची मला सकाळपासून धास्ती होती.

तुला तुझं पहिलं जाफल आठवतच असेल. लग्न ठरायच्या आधी डॅरिल तुला घेऊन आला होता, तू पिवळा स्वेटर घातला होतास, भूक लागली होती म्हणून सरळ मधोमध चावा घेतलास. आतलं चीज म्हणजे उकळता लाव्हा. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तू हात हलवत टेबलाभोवती नाचलीस, आणि मर्व्हिन टाळ्या वाजवत ओरडला, "आली! आली घरात!" माझ्या सासूने मलाही सांगितलं नव्हतं. आमच्या पॅस्कोंच्या घरी पाहुण्याला सांगतात, पाद्रीबुवांना सांगतात, विमावाल्याला सांगतात: आधी कोपरा तोडा, वाफ जाऊ द्या. घरच्या माणसाला कुणी सांगत नाही. जीभ भाजली की माणूस आपलं झालं.

डॅरिल माझ्याकडे बघत होता. लहानपणी वाढदिवसाला काय मिळणार म्हणून बघायचा ना, तसाच. जिलियनने जाफल उचललं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी म्हटलं, "जपून हं. आधी कोपरा तोड, वाफ जाऊ दे. आत फार गरम असतं."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, मिसेस पॅस्को. किती काळजी घेता तुम्ही!" आणि कोपरा तोडून फुंकर घालत खायला लागली.

डॅरिलने आपलं जाफल ताटलीत ठेवलं ते गार होईपर्यंत. नंतर ती पुढच्या खोलीत वर्तमानपत्र बघत बसली तेव्हा तो भांडी पुसायला माझ्याजवळ आला.

"आई, तू तिला सांगितलंस."

"भाजली असती ना रे जीभ."

"नेरिडाला नव्हतं सांगितलंस."

"नाही."

"म्हणजे ही पाहुणीच?"

मी साबणाच्या पाण्यात चमचे शोधत राहिले.  मी तिला सावध केलं, कारण टेबलाशी गप्प राहिले असते तर असं वाटलं असतं की तुझी खुर्ची मीच उचलून तिला दिली. त्या पोरीचा काही दोष नाही. तिच्यावर मी अन्याय केला असेलही, आणि तिने त्याबद्दल माझे आभार मानले. हे मला फार लागलं.

सोमवारी तुझी पिशवी मिळाली. खोट्या सर्दीवर खरी लिंबं. तुम्हाला मूल झालं असतं तर त्याच्या निमित्ताने तरी तू या घरी येत राहिली असतीस, तुला कुणी अडवू शकलं नसतं. ते झालं नाही. आपल्या दोघींमध्ये एवढा रविवारच काय तो उरला होता, आणि तोही मी खोकून घालवला. मला तुझी फार आठवण येते. लाज वाटते, पण लाजेपेक्षा आठवण जास्त येते.

काल मी डॅरिलला फोन केला. उभ्याने केला, बसले असते तर नरमले असते.

म्हटलं, "शनिवारी फुटबॉल संपला की जिलियनला घेऊन ये. मी करीन काय हवं ते. रविवार नेरिडाचा."

"तू तिला निवडतेयस, आई? माझ्यावर?"

"तुझं लग्न मोडलं, डॅरिल. माझा रविवार का मोडू मी?"

"लोक काय म्हणतील?"

"डॉट काहीतरी म्हणेलच. ती कोंबड्यांबद्दलही म्हणते."

हसला नाही. फोन ठेवला त्याने. शनिवारी येईल की नाही ठाऊक नाही. आला तर जिलियनलाही मी प्रेमानेच वाढीन. कुणी सांगावं, एखाद्या दिवशी तिला सांगायचं विसरेनही. पण ते मनापासून विसरले पाहिजे, कुणी बघतंय म्हणून नाही.

तू ये, असा हुकूम मी सोडू शकत नाही. तो हक्क मी गमावलाय. तुला राग आला असेल तर तो गिळू नकोस, इथे येऊन माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. रविवारी नाही आलीस तर सोमवारच्या बसने मीच कडीनाला येणार आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. दुकानाच्या पायरीवर बसायला मला कमीपणा वाटत नाही.

एक शेवटचं. डॅरिल म्हणाला, कोर्टाचे कागद आता लवकरच निघतील. त्यावर तुमच्या दोघांच्या सह्या होतील आणि तुमचं नातं संपेल. संपू दे, ते तुमचं तुम्ही बघा. पण माझी सही त्या कागदावर कुणी मागितलेली नाही, आणि मागितली तरी मी देणार नाही. माझी सही ही इथे करते.

तुझी सासू,
आयव्ही पॅस्को