युद्ध थांबलं त्या संध्याकाळी

रिठद,
२६ मे २०२५

देवानंद, तुझ्या हरीओमदादाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता कमी दुखतो. गाय व्याली, कालवड झाली. ऊन मात्र फार आहे.

रंजीता कारंज्याला माहेरी का जाऊन बसली, हे तू फोनवर दोनदा विचारलंस. उन्हाळा आहे म्हणून गेली असेल, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तुझा आवाज ऐकला की खरं बोलवत नाही, म्हणून लिहितो.

सीमेवर तणाव वाढला तेव्हा बाजारात जो तो म्हणत होता, लढाई लांबली की तेल कडाडणार. मी दुकानामागची खोली तेलाच्या डब्यांनी भरून टाकली. तुझी तुकडी तिकडेच आहे, हे ठाऊक असताना भरली.

त्या दिवसांत तुझा फोन लागत नव्हता. रंजीता दुकानात येऊन विचारायची, "भाऊजी, थांबन का हे?" मी गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगायचो, की इतक्यात काही थांबत नाही, महिनोन्‌महिने चालेल. गिऱ्हाईक घाबरून जास्तीचा डबा न्यायचं. रंजीता घरी जाऊन जेवण टाकून बसायची. आई मला म्हणालीही, पोरीला जरा धीर दे. मी दिला नाही.

युद्ध थांबल्याची बातमी आली, तशी ती वाटीत साखर घेऊन धावत आली. हसत होती, डोळे भरलेले. माझ्या हातावर साखर ठेवली आणि माझ्या तोंडून निघालं, "आता या मालाचं काय करू?"

ती वाटी घेऊन मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली.

काल मी तिला आणायला गेलो. तिनं पाणी दिलं, आईची चौकशी केली. घरी चल म्हटलं, तर खाली पाहत म्हणाली, "तुमाले ते चालत राह्यलेलं पाह्यजे होतं, भाऊजी. मले माणूस पाह्यजे होता. मी त्यायले काही सांगतलं नाही. तुमीच सांगा."

म्हणून सांगितलं. तेल विकलं जाईल, त्याचं काही नाही. तू वाचलास याचा आनंद मलाही झाला, पण तो मागाहून झाला. हे कसं पुसू?

सुट्टी मिळाली की आधी कारंज्याला उतर. मग इकडे यायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. आईला अजून कळलेलं नाही. तिला मीच सांगेन, आजच.

तुझ्यापुढे मान खाली घालून,
हरीओम