ओमची झोळी

३ डिसेंबर २००१
छाया आज पुन्हा दाराबाहेर उभी. कडेवर धाकटा भाऊ ओम, दीड वर्षाचा. पहिल्याच दिवशी मीच सांगितलं होतं — लहान भावंडं वर्गात आणायची नाहीत. एक रडलं की सगळे पाढे विसरतात. मोठी शाळा ओढ्यापलीकडे लांब, म्हणून तर ही वस्तीशाळा निघाली. आणि इथेही ती बाहेरच!
फळ्यावर वजाबाकी घातली. आत सगळे गप्प. उत्तर दारातून आलं. बरोबर होतं.
तिची हजेरी लावली. घरी येईपर्यंत मनाला टोचत राहिलं — खोटी तर नाही ना लावली?

५ डिसेंबर
छायाच्या आईला, भिमाबाईंना, द्राक्षबागेत जाऊन भेटले. पेठकडची माणसं, हंगामभर मालकाच्या बागेतच राहतात. घडांची विरळणी चालली होती. कात्री न थांबवता म्हणाल्या, "पोराला कोण धरंल, बाई? इथं आणू? फवाऱ्याचा वास बघा कसा हाय." तेवढ्यात मलाच ठसका लागला. "बघा," त्या म्हणाल्या.

६ डिसेंबर
नियम मोडायचा धीर होत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पाहिली नाही. वर्ग कसा असावा हे विचारू कुणाला? गप्प बसलेल्या रांगा म्हणजे शाळा, एवढंच मला माहीत.

१० डिसेंबर
आईला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात काय, मी सांभाळते की. तुला कडेवर घेऊन मेथी विकलीये मी बाजारात. तेव्हा तुझ्या रडण्यानंच गिऱ्हाईक यायचं."
संध्याकाळी तिने आमच्या ओसरीवर जुन्या लुगड्याची झोळी बांधली.

१२ डिसेंबर
ओम ओसरीवर, छाया पहिल्या रांगेत. लिहिताना मधूनच डुलत होती — कडेवर कुणी नसताना. सवय.
आज हजेरी लावताना हात अडखळला नाही.

१४ जानेवारी २००२
छाया नाही.

१६ जानेवारी
आजही नाही. ओमला मात्र भिमाबाई रोज सकाळी सोडून जातात. शाळा सुटल्यावर बागेत गेले. तोडणी सुरू झालीय. छाया क्रेटमध्ये कागद अंथरत होती. मला पाहून मान खाली घातली.
भिमाबाई हसून पुढे आल्या. "तुमच्या आईचे लय उपकार. पोराची सोय झाली, आता पोरीचे हात मोकळे. तेवढाच एक रोज वाढला."
अगदी मनापासून म्हणाल्या. हात मोकळे आम्हीच केले — क्रेट भरायला.

१७ जानेवारी
एक सुचलंय. पण ती अडवणूकच नाही का? छायाचा रोज बुडेल, तो मी कुठून भरून देणार? आणि भिमाबाईंनी रागाने ओमला बागेतच नेलं तर? तोडणी न लागलेल्या तुकड्यांत फवारे अजून चालू आहेत.
आईला विचारलं. म्हणाली, "विचार करत बसलीस तर ती पोरगी म्हातारी होईल."

१८ जानेवारी
भिमाबाईंना सांगून आले. "ओमची झोळी आता वर्गात बांधणार. पण हलवायला छाया पाहिजे. ती आली तरच."
भिमाबाईंनी हातातला घड क्रेटमध्ये ठेवला. "म्हंजे पोरगा ठेवायचा तर पोरगी पण द्यायची?"
"हो."
"दिसता गरीब, बाई. सौदा मात्र पक्का करता."
हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत.
घरी आई म्हणाली, "वर्गात पोरं नकोत म्हणणारी तूच ना गं?"

१९ जानेवारी
झोळी फळ्याशेजारच्या वाशाला. ओम रडला, सगळे सातचा पाढा विसरले. छायाने दोरी ओढत पहिल्यापासून म्हणायला घेतला.